आंबेघळची संध्याकाळ

आंबेघळ गाव धरणात गेलं तेव्हा त्याचं पुनर्वसन आर्क्टिक महासागरातल्या एका बेटावर झालं, आणि जाताना गावानं आपली संध्याकाळ बरोबर नेली.

बेटाला तसा कुणाचाच इलाज नव्हता. लाभक्षेत्रातली जमीन आधी उठलेल्या गावांना वाटून संपली होती. साहेबांनी नकाशा उलगडत उलगडत वर नेला आणि जिथं कुणाची हरकत आली नाही तिथं बोट टेकवलं. गावकऱ्यांनी विचारलं, पाण्याची सोय आहे का? साहेब म्हणाले, चारी बाजूंनी आहे. घरं, विहिरी, आंब्याची झाडं यांचा रीतसर पंचनामा झाला. संध्याकाळ पंचनाम्यात कुठं बसेना, म्हणून महादू गुरवानं शेवटच्या दिवशीची संध्याकाळ देवळातल्या रांजणात भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि रांजण मांडीशी धरून गाडीत बसला.

मालनचं लग्न त्याच धांदलीत झालं. दुपारी अक्षता पडल्या आणि दिवस कलायच्या आत वऱ्हाड कोल्हापूरच्या वाटेला लागलं. दुसऱ्या दिवशी गाव हललं. लग्न होऊन गेलेली मुलगी विस्थापितांत धरता येत नाही असं साहेबांनी सांगितलं, आणि ते नियमाला धरूनच होतं. फक्त एक गोष्ट राहून गेली. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरायची तर तांदूळ पोत्यात, पोतं गाडीत, आणि गाडी पुढं गेलेली. नारळ कशात बांधलाय ते कुणाला आठवेना.

"ऱ्हाऊ दे बाय," आई म्हणाली. "पयल्या खेपंला आलीस की भरू."

ती पहिली खेप यायला पन्नास वर्षं लागली.

नवी नवरी रिकाम्या ओटीनं आली हे कोल्हापुरात सगळ्यांत आधी पाहिलं ते धाकट्या नणंदेनं, इंदूनं. इंदू तेव्हा परकरात होती, पण जीभ मोठ्या माणसाची होती. दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीला बातमी कळली. पुढं कुणी विचारलं की वहिनींचं माहेर कुठं, तर इंदू सांगायची, "उत्तरेला." म्हणजे कराडला का? "छे, त्याच्याही पुढं," आणि तोंडाला पदर लावायची. दर दिवाळीला मालनच्या भावाकडून सुक्या माशांचं गाठोडं यायचं, त्यावर बर्फाळ देशाचं तिकीट असायचं. इंदू वास घ्यायची आणि म्हणायची, "रत्नागिरीचे आहेत."

मालन कुणाशी भांडली नाही. संसार झाला, मुलगा मोठा झाला, नवऱ्याचे गुडघे गेले. इंदूवन्सं लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं गेल्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, आणि मागच्या साली त्यांचे यजमानही गेले. हे सगळं होत असताना मालनला रोज एका वेळेला मात्र काही सुचायचं नाही. कोल्हापुरात दिवस मावळायचा, अंधार पडायचा, दिवे लागायचे, पण संध्याकाळ काही व्हायची नाही. तिला तिच्या गावाची संध्याकाळ हवी होती. त्या वेळी ती गॅलरीत उभी राहायची आणि डोळे पुसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काही नाही, धूर गेला डोळ्यांत." गॅस येऊन जमाना झाला होता.

शेवटी मुलानंच ते जहाज शोधून काढलं. उन्हाळ्यात बर्फ फुटला की जाणारं, जेमतेम एका लग्नाच्या पंगतीएवढे प्रवासी घेणारं, आडबाजूच्या खेड्यांना थांबणारं. खेड्यांत आंबेघळचं नाव होतं. एकटीला कसं पाठवायचं, असा प्रश्न आला तेव्हा इंदूवन्सं म्हणाल्या, "मी जाते की बरोबर. एकदा डोळ्यांनी बघते तरी तुमचं माहेर."

जहाजावर सगळं शिस्तीचं होतं. प्रवाशांना लाल जाड कोट मिळाले. मालननं तो नऊवारीवर चढवला आणि खाली गुडघ्याएवढे रबरी बूट घातले. सफरीची प्रमुख होती सिग्ने नावाची उंच बाई, पांढऱ्या अस्वलांसाठी खांद्याला बंदूक अडकवलेली. ती रोज सगळ्यांना बसवून नियम सांगायची आणि इंदूवन्सं त्याचं मराठी करायच्या. किनाऱ्यावर जाताना काही न्यायचं नाही. येताना काही आणायचं नाही. दगड नाही, पीस नाही, हाड नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. उतरण्याआधी सगळ्यांचे खिसे व्हॅक्यूम क्लीनरनं ओढले जात. मालनच्या कनवटीला चार जिरे निघाले, ते चिमट्यानं उचलून बरणीत ठेवण्यात आले. भावासाठी केलेले बेसनाचे लाडू मात्र सिग्नेनं हात जोडून केबिनमध्ये परत पाठवले.

"माहेरी रिकाम्या हातानं जायचं आणि रिकाम्या हातानं यायचं?" मालननं विचारलं.

वन्संनी इंग्रजी केलं. सिग्ने म्हणाली, बेट जसं आहे तसं राहिलं पाहिजे.

मालनच्या मनात आलं, इतक्या लांब येऊन ओटी या खेपेलाही राहणार. पुढची खेप होईल असं तिचं वय नव्हतं.

रबरी बोट किनाऱ्याला लागली तेव्हा आंबेघळ समोर होतं. दगडी जोत्यांची घरं, भैरोबाचं देऊळ, पारावर बसलेली माणसं. म्हशींच्या अंगावर वीतभर लोकर आली होती. गावात सगळं ठीक चाललं होतं. संकष्टीचा तेवढा घोळ व्हायचा, कारण चंद्र एकदा मावळला की दोन-दोन आठवडे उगवत नसे. मग ग्रामसभेनं ठराव करून चंद्रोदय साडेआठला ठेवला होता. अस्वलं गावात येत, पण तिन्हीसांजेनंतर येत नसत. त्या वेळी घराबाहेर हिंडू नये हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं असावं.

इंदूवन्सं बोटीतच उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि परत घातला. गाव होतं तिथंच होतं.

भाऊ गुणाजी काठी टेकत पुढं आला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "आलीस व्हय गं," म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याची बायको हौसा भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो मालनवरून ओवाळून टाकला. किनाऱ्यावर खाद्यपदार्थ टाकायचे नाहीत असं सिग्ने म्हणणार तोच एका समुद्रपक्ष्यानं तो उचलून नेला आणि मुद्दा मिटला.

"वन्सं, किती वाट बगायची मान्सानं," हौसा मालनला म्हणाली. "आई शेवटपातूर म्हनायच्या, मालीची ओटी ऱ्हायलीया, तेवडी भरा. पन सांज होऊ द्या आदी. सांज बगून जावा."

ऊन डोक्यावर होतं आणि भाद्रपदापर्यंत ते तसंच राहणार होतं. पण घड्याळात सहा वाजले तशी माणसं देवळापाशी जमली. महादू जाऊन वर्षं झाली होती. आता त्याचा मुलगा विठू गुरव होता. गावानं पन्नास वर्षं ही संध्याकाळ विरजणासारखी सांभाळली होती. रोज रांजणातून लागेल तेवढी काढायची, तळाशी थोडी ठेवायची, सकाळपर्यंत रांजण पुन्हा भरतो. विठूनं फडकं सोडलं, मापटं बुडवलं आणि पारावर उपडं केलं.

सूर्य होता तिथंच राहिला. त्याच्याखाली मात्र आंबेघळला संध्याकाळ झाली. गोवऱ्यांचा धूर आला. उतारावरून गुरांच्या घंटा आल्या आणि पाठोपाठ धुरळा आला. प्रवाशांनी कॅमेरे खाली केले. एक निवृत्त जर्मन इंजिनियर तोंडात दोन बोटं घालून शीळ वाजवायला लागला. लहानपणी त्याचा कुत्रा या वेळेला घरी येत असे.

आणि मग त्या संध्याकाळीतून हाक आली. "मालेऽ, दिवा लाव गं."

आवाज आईचा होता. लग्नाच्या दिवशी, लेक गेल्यावर, सवयीनं मारलेली हाक. ती रांजणात भरली गेली ती तशीच राहिली होती.

"रोज येती," गुणाजी म्हणाला. "रोज आमी सांगतो, आगं, ती हितं न्हाई. आज तूच सांग."

मालननं तोंडावर पदर धरला. मग ती म्हणाली, "लावते गं आई." आणि तिनं देवळात जाऊन दिवा लावला.

हौसा लगेच कामाला लागली. "तांदूळ-नारळ बोटीवर चालत न्हाईत म्हनं. मग हीच भरू ओटीत, मापटंभर."

विठू गुरवानं मापटं मागं घेतलं. "वहिनी, तसं न्हाई जमायचं. तिनीसांजंला इरजान घराभायेर देत न्हाईत. आन फडकं सोडलं की तिनीसांजच हुती. मागं शास्त्रज्ञ आलं हुतं मागायला. त्यास्नी बी ह्योच नियम सांगिटला."

यावर पारावर चर्चा झाली. नियम मोडायचा नाही हे सगळ्यांना मान्य होतं. एक म्हातारा म्हणाला, दिलेली लेक म्हणजे दुसऱ्या घरची. कागदोपत्री ती गावात कधी आलेलीच नाही. मालन मान खाली घालून उभी होती. तिला वाटलं, साहेबांनी सांगितलं तेच आता गावही सांगणार. रबरी बोटीचा भोंगा वाजला.

गुणाजीनं काठी आपटली. "जिला सांज रोज नावानं हाक मारती ती भायेरची कशी रं? आन लेकीची ओटी म्हंजी देनं न्हवं. तिचंच हाय ते."

विठूनं क्षणभर विचार केला. नियमात हे बसत होतं. त्यानं मापटं हौसाच्या हातात दिलं.

मालननं पदर पुढं केला. हौसानं कुंकू लावलं आणि ओटी भरली.

जहाजाच्या शिडीपाशी सिग्ने प्रत्येकाचे खिसे पाहत होती. मालनच्या लाल कोटाखाली पोटाशी काळोख दिसत होता, आणि त्यातून बारीक घंटा वाजत होत्या. तिनं विचारलं, हे काय?

"संध्याकाळ," इंदूवन्संनी इंग्रजीत सांगितलं.

सिग्नेनं नियम आठवले. दगड नाही, पीस नाही, हाड नाही, काडी नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला. यात सजीव काही आहे का?

वन्संनी जन्मभर मुलांना खोटं बोलल्याबद्दल ओणवं उभं केलं होतं. विरजण जिवंत असतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या मालनकडं बघत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण ती यांची आहे. यांच्या आईनं दिलेली."

सिग्नेनं बाजूला होऊन वाट दिली. जहाज निघालं. मध्यरात्रीच्या लख्ख उन्हात दोघी डेकवर बसल्या आणि वन्सं एवढंच म्हणाल्या, "मासे रत्नागिरीचे नव्हते."

कोल्हापुरात आल्यावर मालननं ओटीतली संध्याकाळ मातीच्या मडक्यात लावली. आठवड्याभरात ती चांगली धरली. आता रोज सहा वाजता ती झाकण काढते. नवरा गुडघे चोळत जवळ येऊन बसतो. गॅलरीत कुणी एकटं उभं राहत नाही.

एके दिवशी इंदूवन्सं ऐन दुपारी आल्या. हातात स्टीलची वाटी होती. लग्न झाल्यापासून त्या या घरात काही मागायला आल्या नव्हत्या.

"घर फार मोठं वाटतं हो दिवेलागणीला," त्या म्हणाल्या. "थोडं विरजण मिळेल का? मुद्दाम दुपारची आले. तिन्हीसांजेला देत नाहीत ना."

मालननं मडक्याचं झाकण काढलं. झाकण काढलं की जे व्हायचं तेच झालं. स्वयंपाकघरात तिन्हीसांज झाली.

वन्संना चूक कळली. "अगंबाई, झालीच की," म्हणाल्या, आणि वाटी पिशवीत घालून वळायला लागल्या.

"वन्सं," मालन म्हणाली, "वाटी राहू द्या. पदर पुढं करा."

"माझा?" वन्सं दारातच थांबल्या. "हे गेल्यापासून माझी ओटी कुणी भरत नाही, वहिनी."

"हे तुमचं माहेर आहे. लेकीची ओटी म्हणजे देणं नव्हे. तुमचंच आहे ते."

वन्संनी पदर पुढं केला. मालननं कुंकू लावलं आणि मडक्यातून ओंजळभर काढून ओटीत घातलं. विरजण आंबेघळचं असलं तरी ते कोल्हापूरच्या घरात लागलं होतं. ओटी भरता भरता त्यातून वन्संच्या आईची हाक आली, अगदी अंगणातून यावी तशी. "इंदे, किती खेळशील? घरात ये बघू."

"आले गं," इंदूवन्सं म्हणाल्या.

तिन्हीसांजेला घराबाहेर पडायचं नसतं, म्हणून त्या दिवशी त्या जेवूनच गेल्या.