कापसाच्या बंडीतली प्रार्थना

"आज तरी देवानं तुले काही सांगतलं का?" रविवारी चर्चमधून परतताना तानाबाई नवऱ्याला हटकून विचारायची, आणि धावजीचा चेहरा पडायचा. तिथे देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला सगळे उठत. कुणाला शांती मिळालेली असे, कुणाला वाट दिसलेली. धावजी ख्रिस्ती झाल्यापासून नेमाने गुडघे झिजवत होता, पण वरून हूं नाही की चूं नाही.

"चिकाटी सोडू नका," पाळक सदाशिवराव म्हणाले. "एकांतात बसा. शोधणाऱ्याला तो भेटतोच."

एकांत कुठला आणायचा? घरात कोंबड्या, बकऱ्या आणि तानाबाई. शेवटी धावजीने शेजारी राहणाऱ्या उकंडाची बंडी, म्हणजे बैलगाडी, हेरली. विहिरीजवळ ती कापसाने गच्च भरून उभी होती, गुडघ्यांना मऊ आणि थंडीत उबदार. शनिवारी भल्या पहाटे तो गेला. कापसावर चपला घालून चढायचं नाही ही रीत त्याने पाळली. चपला विहिरीच्या काठावर नीट जोडून ठेवल्या, कापसात पार डोक्यापर्यंत रुतला आणि नेम केला, उत्तर मिळेस्तोवर डोळे उघडणार नाही.

थोड्या वेळाने सगळं हलू लागलं. 'आला!' धावजी शहारला आणि त्याने डोळे आणखी गच्च मिटले. कानांत कापूस गेला होता. हेलकावे वाढले, मग एकदम थांबले, आणि दुरून यावा तसा एक मायाळू आवाज आला, "थकला काय रे माह्या राजा? भेऊ नोको. मी हावो ना तुह्यासंगं. चाल."

धावजी ढसाढसा रडला. मनावरचा एवढा भार उतरल्यावर माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. त्याला गाढ झोप लागली.

राळेगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हमालाने कापूस ओढला तर हाती पाय आला. बोंबाबोंब झाली, उकंडा धावत आला.

"धावजी? तू अथी काय करून राह्यला?"

"देव बोलला रे मले! म्हणे, मी हावो तुह्यासंगं!"

उकंडाने कपाळाला हात लावला. "अबे, चढावर माहा ढवळ्या बैल अडला होता. त्याले बोललो मी."

रिकाम्या बंडीत बसून धावजी परतला तो तोंड पाडूनच. इकडे विहिरीवर गाव लोटला होता. काठावरच्या चपला पाहून लोकांनी गळ टाकला होता, सदाशिवराव धोतर खोचून पायऱ्या उतरत होते, आणि प्रार्थनेत कधी धड डोळे न मिटणारी तानाबाई गुडघे टेकून ओरडत होती, "देवा, एकडाव माहा मानूस वापस दे!"

तेवढ्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढराफेक झालेला धावजी बंडीतून उतरला.

तानाबाईने आधी त्याला दोन धपाटे घातले, मग डोळे पुसले. "पाहा! मले तं पहिल्याच हाकेले पावला!"

रविवारी साक्षीला सगळ्यांत आधी तीच उठली. धावजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग तोही उठला आणि त्याने सगळं खरंखरं सांगून टाकलं, ढवळ्यासकट. चर्चमध्ये खसखस पिकली.

"म्हंजे ते बैलाले सांगतलं होतं ना!" मागून कुणीतरी म्हणालं.

"हाव," धावजी म्हणाला. "पण चढ तं आमी दोघंही चढलो ना, बाप्पा."

हसणं थांबलं. तानाबाईने त्या दिवशी वाटेत काहीच विचारलं नाही. सोमवारी पहाटे धावजी पुन्हा एकांत शोधायला निघाला. चपला मात्र तिने घरातच ठेवून घेतल्या.