बल्ब की ट्यूब

चारुदत्तने धाकट्या बहिणीचा, सुनीतीचा काळापांढरा फोटो हाताने रंगवायला घेतला, तेव्हा कोलकात्यातल्या डमडमच्या त्या घरात कुणालाच धोका दिसला नाही. फोटो नागपूरच्या स्थळाकडे जायचा होता. ते स्थळ सुनीतीच्या मनात भरलं होतं, त्यामुळे हसं होण्याला वाव नव्हता.

संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली त्याने तिच्या गालांवर बेताचा गुलाबी रंग चढवला. सकाळी गच्चीत नेऊन पाहतो तर बहीण होळी खेळून आलेली! बागबाजारच्या स्टुडिओतून दुसरी प्रत आणून ती त्याने उन्हात रंगवली. संध्याकाळी बल्बखाली तिला कावीळ झाली.

"दादा, आहे तसा काळापांढरा पाठव ना," सुनीती म्हणाली.

"तुला कळत नाही. ज्या उजेडात बघणार, त्याच उजेडात रंगवायला हवा."

शास्त्र बरोबर होतं. तेच पुढे नडलं. स्थळ आणणारे मनोहरकाका रेल्वेत होते, नागपूरला सारखे जात. चारुदत्तने त्यांना गाठलं.

"काका, त्यांच्या बैठकीत बल्ब आहे की ट्यूब, तेवढं विचारून या."

"अरे, पगार विचार, पत्रिका विचार. बल्ब कसला विचारतोस?"

"तेवढंच विचारा."

काका उत्तर घेऊन आले: बल्ब. चारुदत्तने भर रविवारी खिडक्यांना चादरी लावल्या आणि बल्बखाली बसला. मध्येच लोडशेडिंग झालं की ब्रश हातात धरून अंधारात थांबायचा. फोटो असा उतरला की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या पुढच्या खेपेला फोटो नागपूरला गेला.

काका परतले ते थेट खुर्चीत बसले.

"चारू, सुनीतीला हृदयाचा काही त्रास आहे का रे?"

"काहीतरीच काय काका!"

"ते विचारतायत. ओठ जांभळे, गाल निळे."

"पण बल्बखाली तर..."

"बल्ब राहिलाय कुठे? तुझा प्रश्न ऐकून त्यांना वाटलं, मुलीकडचे आपली ऐपत जोखतायत. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी बैठकीत ट्यूब बसवून घेतली!"

सुनीतीच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण ती उठली. अल्बममधली काळीपांढरी प्रत सोडवून तिने काकांच्या हातात ठेवली.

"हा द्या. म्हणावं, प्रकृती ठणठणीत आहे. रंग भावाचे होते."

महिन्याभरात होकार आला. चारुदत्तला इतका आनंद झाला, की त्याने लग्नासाठी कॅमेऱ्याचे नवे रोल आणि रंगांच्या बाटल्या आणूनही ठेवल्या.

"मुलाची एक अट आहे," काका म्हणाले.

आईने पदर तोंडाशी नेला.

"लग्नातले फोटो बाहेरचा माणूस काढेल."