सदर खडखडाटाबाबत

यंत्राचा आवाज ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गाडी एकाची असते, आवाज गल्लीचा. जळगावात कुणाचं बॉनेट उघडलेलं दिसलं आणि शेजारी घरातच बसून राहिला तर तो उद्धटपणा समजला जातो, आणि आमची गल्ली अत्यंत सुसंस्कृत आहे.

त्यामुळे दसऱ्यापासून प्रेमराजची गाडी खडखडू लागली तेव्हा तिला उपचारांची कमतरता पडली नाही. सदर आवाज इंजिनासाठी हवा ओढणाऱ्या नळीकडून येतो, यावर एकमत होतं. (एकमत झाल्यामुळे नळी उघडून बघायची गरज उरली नाही.) पितांबर नाना म्हणाले, "गाडी जुनी व्हयनी, आवाज तं करीच." जीवरामभाऊंनी डिझेलमध्ये भेसळ सांगितली. गाडी पेट्रोलची आहे हे कळल्यावरही ते ठाम राहिले. असा ताठ कणा आता दुर्मिळ. चाळीसगावच्या मावसभावाने फोनवर आवाज ऐकून सायलेन्सर बदलायला लावला. तेव्हापासून खडखडाट अधिक स्पष्ट ऐकू येतो, ही प्रगतीच म्हणायची.

मुख्य उपाय मात्र प्रेमराजच्या वडिलांचा. रुपचंद आबांच्या मते गाडी जिथून श्वास घेते तिथेच तिचा जीव असतो. म्हणून दसऱ्याच्या पूजेत त्यांनी सुपारी थेट नळीच्या तोंडाशी ठेवली. गाडी सुरू करून फेरी मारली, तर सुपारी गायब. "देवीनी घिदी," आबा हात जोडून म्हणाले. पुढे आवाज वाढला की पूजा, पूजा झाली की नवी सुपारी. देवीने आजवर एकही नाकारलेली नाही.

प्रेमराजची बायको सारिका पहिल्या दिवसापासून सांगत होती, "त्या नळीखालचा काळा डबा उघडा ना एकदा. दोनच क्लिपा आहेत." प्रेमराज दर वेळी "हं" म्हणाला. तिने स्वतःच उघडला असता, पण बॉनेटखाली फार तर पाच पुरुषांची डोकी मावतात, आणि ती कायम हजर असत. शेवटी तिने बॅग भरली आणि ती धुळ्याला माहेरी गेली. "आवाज बंद झाला की येईन," एवढंच म्हणाली. सासूबाईंनी, म्हणजे भिकुबाईंनी, आबांकडे पाहिलं. आबांनी सुपारी आणली.

प्रेमराजला मात्र घर खायला उठलं. एका सकाळी तो एकटाच खडखडत एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला गेला. सारिकाने अंगणातच बॉनेट उचललं. मदतीला कुणीही धावलं नाही (धुळ्याचे संस्कार). तिने दोन क्लिपा काढल्या आणि डब्यातून कुंकू लावलेल्या मूठभर सुपाऱ्या त्याच्या हातात ठेवल्या.

"आता तरी ऐकू येतंय का?" तिने विचारलं.

येत होतं. परतीच्या वाटेवर गाडी इतकी शांत होती, की सारिकाला जळगावबाहेरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आहे, ती सोमवारी रुजू होणार आहे आणि गाडी तीच नेणार आहे, हे सगळं प्रेमराजला एरंडोल यायच्या आत समजलं. तिने हे नवरात्रातच सांगितलं होतं. तेव्हाही तो "हं" म्हणाला होता, आणि तिने तो होकार धरला होता.

आबांनी सुपाऱ्या देव्हाऱ्यात ठेवल्या. "देवीनी परत धाड्यात," म्हणाले. काम गेल्यामुळे गल्ली काही दिवस उदास होती.

प्रेमराजला खुशाल हसा. फक्त आत्ता हे वाचत असताना घरातून तुम्हाला कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. कशाला हो म्हणालात, ते एकदा आत जाऊन विचारून या.