टेकूला लावलेली पुस्तकं

मी एकदा ठरवलं की ठरवलं! आमच्या कुटुंबाच्या आठवणींचं पुस्तक लिहायचं आणि आईच्या वाढदिवसाला तिच्या हातात ठेवायचं! मी हे जाहीर केलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि आणून ठेवलेली पुस्तकं कोण वाचणार?"

घाव वर्मी बसला. पुस्तकं विकत घ्यायची मला भारी हौस, वाचायचं तेवढं राहून जातं. पण आता माघार नाही! एक पडीक पुस्तक वाचायचं, मग आठवणींचं एक प्रकरण लिहायचं!

अडचण एवढीच की पुस्तकं कपाटात नव्हतीच. आमच्या घरात न वाचलेल्या पुस्तकांना कधीच नोकऱ्या लागल्या होत्या! समुद्रप्रवासाचा जाडजूड ग्रंथ कपाटाच्या पायाखाली होता. तो ओढताच कपाट कललं आणि त्याचं दार जे उघडलं ते मिटेचना. दुसरं पुस्तक खिडकीच्या फटीत अडकवलेलं. ते काढलं आणि वाऱ्याने माझं पहिलं प्रकरण थेट शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेलं!

शेजारी पानं परत द्यायला आले. म्हणाले, "भाषण झकास आहे. सत्कार कुणाचा?"

'थोर परंपरा', 'तेजस्वी वारसा' असं बरंच काही मी त्यात घातलं होतं खरं.

"अहो, ती पुस्तकं होती तिथे ठेवा," बायको म्हणाली. "घर कलंडायला लागलंय!"

"वाचून झाली की ठेवतो!"

"म्हणजे घर आता असंच राहणार!"

मी पुस्तक उपसलं की आई मात्र नुसती बघायची आणि सुस्कारा सोडायची. शेवटी उरलं तिच्या पलंगाच्या पायाखालचं पुस्तक. ती अंगणात उन्हाला बसलीय असं पाहून मी पलंगाखाली शिरलो आणि तेही काढलं. दुपारी आई आडवी झाली आणि उशी, चष्मा, पांघरूण यांच्यासकट घसरत भिंतीला जाऊन टेकली!

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन आत्या दारात हजर.

"काय रे, वहिनीला कुठे धाडतोयस?"

"मी?"

"फोनवर रडत होती! कपाट हलवलं, खिडकी हलवली, आता पलंग! घर विकायला काढलंयस ना?"

"अगं आत्या, मी आठवणी लिहितोय!"

"पलंगाखाली शिरून?"

मी ते पुस्तक पुढे केलं. आत्याचा चढलेला आवाज एकदम खाली आला.

"हे तर दादाचं! शाळेत निबंधाला मिळालेलं बक्षीस. आम्हाला हात लावू द्यायचा नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा पलंग डुगडुगायचा. नव्या घरात बिचारी सांगणार कुणाला? दादाने कुणाला न कळत आपलं बक्षीस पायाखाली सरकवलं."

"तेव्हा कुठे मला त्या घरात झोप लागली," आतून बाहेर येत आई म्हणाली. "ते गेल्यावरही मी ते हलवू दिलं नाही. तू काढलंस, मला वाटलं, आता माझीच पाळी."

मला भरून आलं. बाबांबद्दल पानंच्या पानं लिहिली होती आणि हे मला ठाऊकच नव्हतं! मी ते भाषण फाडून टाकलं, कललेल्या कपाटाला पाठ लावून बसलो आणि फक्त पलंगाची गोष्ट लिहिली. संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवली. आत्याने दोनदा नाक ओढलं. बायको चक्क म्हणाली, "हे मात्र छान लिहिलंत!"

आईने बाबांचं पुस्तक छातीशी धरलं होतं. "हे आता खाली नको. मी वाचणार आहे." मग डोळे पुसत तिने विचारलं, "तुझं पुस्तक किती जाड होईल रे?"

"का गं?"

तिने पलंगाच्या अधांतरी पायाकडे बोट दाखवलं. "जाडच कर बाबा!"

तेव्हापासून मी जिद्दीने लिहितोय. आत्याचं बालपण तर मुद्दाम लांबवलंय. कालच बायको लिहिलेली पानं पलंगाच्या पायाला लावून बघून आली.

म्हणाली, "अजून एखादा मामा घाला!"