रेडिएटर कावेरी प्यायला

माझ्या गाडीनं मला कधी म्हणजे कधीच दगा दिलेला नाही! हे वाक्य मी चेन्नईत अकरा वर्षं छाती फुगवून म्हणत आलो. आणि का म्हणू नये? गिंडीच्या एका कारखान्यात मी रबरी भाग तपासायला बसतो. रोज पाच-पन्नास सील 'नापास' म्हणून टोपलीत फेकतो. रबरातलं मला कोण शिकवणार?

म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी प्राणेश मेकॅनिक बॉनेटखालून ओरडला, "सार, रेडिएटर होस मात्तणुम्! बदलायलाच पाहिजे!" तेव्हा मी हसलो. होस, म्हणजे रेडिएटरची रबरी नळी, अंगठ्यानं दाबून पाहिला. लाकडासारखा कडक झाला होता आणि क्लॅम्पपाशी उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या भेगा होत्या.

"अजून दोन वर्षं सहज!" मी निकाल दिला.

"मग लांब जाऊ नका, सार."

"लांब कुठं जातोय मी!"

पुढच्याच आठवड्यात आमच्या वेलचेरीच्या इमारतीतल्या जयवंतीबाई गेल्या. त्यांचे यजमान शेषगिरीराव मूळचे तंजावरकडचे मराठी. एन्नोरच्या वीज केंद्रात हेडक्लार्क होते. सव्वीस वर्षं दोघं तिथल्या कॉलनीत राहिले, रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जायचे. तिसऱ्या दिवशी ते माझ्या बायकोला, शैलाला, म्हणाले, "तिस एन्नोरच्या समुद्रांतच सोडायचं. टॅक्सी सांगतां काय?"

"टॅक्सी कशाला? मी आहे ना!" मी आतून ओरडलो.

शैलानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अख्खा होस होता. पण मी तिकडं पाठ केली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता निघालो. साडेदहाला राहुकाळ. त्याआधी आटपायचं, असं भटजींनी बजावलं होतं आणि ते परस्पर किनाऱ्यावर येणार होते. मागच्या सीटवर शेषगिरीराव, मांडीवर कापडानं तोंड बांधलेलं अस्थींचं मडकं. पुढं माझ्या शेजारी शैला, तिच्या पायाशी पाच लिटरचा कॅन. त्यात कावेरीचं पाणी! जयवंतीबाईंचा जन्म कावेरीकाठचा, म्हणून भाच्यानं मुद्दाम रात्रीच्या बसनं आणून दिलं होतं.

एन्नोर जवळ आलं. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मध्ये आम्ही, भाकऱ्यांच्या चळतीत अडकलेल्या पापडासारखे. तापमानाचा काटा वर चढायला लागला.

"अहो, तो काटा..."

"जुना आहे. उगाच घाबरवतो!"

फट्ट! बॉनेटमधून अशी वाफ निघाली की वीज केंद्राच्या धुराड्यांनीही लाजावं. होस फुटला होता. नेमका क्लॅम्पपाशी!

प्राणेशला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "सार, आधी थंड होऊ द्या. कॅपला हात लावू नका." मी सांगितलं होतं, असं एका शब्दानं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं!

पाऊण तास उन्हात उभे राहिलो. मग मी होसला माझा रुमाल आणि भरपूर चिकटपट्टी गुंडाळली. आता पाणी हवं होतं. आमच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झालेल्या. आजूबाजूला कंटेनर सोडून काही नाही. तिघांचीही नजर कॅनवर गेली आणि तिघांनीही ती फिरवली.

शेवटी शेषगिरीरावच म्हणाले, "घाला."

"अहो, पण ते..."

"असकं घाला, वसंतराव. ती वाट बघत्ये." असकं म्हणजे सगळं.

मी कावेरी रेडिएटरमध्ये ओतली. गाडी चालू झाली! मी विजयी मुद्रेनं शैलाकडे पाहिलं. चारशे मीटर गेलो असू. फट्ट! रुमाल उडाला आणि कावेरी एन्नोरच्या डांबरावर वाहून गेली. शेषगिरीराव त्या ओल्या रेघेकडे बघत राहिले. मला धरणी पोटात घेईना.

शैलानं पदर खोचला, रस्त्यात उभी राहिली आणि मासळीचा एक टेम्पो थांबवला. ड्रायव्हरनं मडक्याकडे बोट करून तमिळमध्ये विचारलं, "यात काय?"

राखेला तमिळमध्ये 'साम्बल' म्हणतात. मला ठाऊक होतं! मी रुबाबात म्हणालो, "सांबार!"

"समुद्रावर सांबार?" त्यानं गंभीरपणे विचारलं. "मग भात कुठाय? आणि नीट धरा, आजोबा, सांडेल. बर्फाच्या खोक्यावर ठेवता?"

मी शैलाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. आणि शेषगिरीराव हसायला लागले. चार दिवसांत पहिल्यांदा! मडकं छातीशी धरून ते गदागदा हसत होते. मग ते हसणं कुठं तरी वळलं आणि ते रडायला लागले. तेही चार दिवसांत पहिल्यांदाच. ड्रायव्हरला काय ते कळलं. त्यानं मुकाट्यानं पायातल्या चपला काढल्या आणि त्यांना हात धरून पुढं आपल्याशेजारी बसवलं. आम्ही दोघं मागं, बांगड्यांच्या खोक्यांवर.

पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. भटजी दुसऱ्या कामाला निघून गेले होते. राहुकाळ ऐन भरात. मी मान खाली घालून म्हणालो, "चुकलं माझं. वेळही गेली, कावेरीही गेली."

"ती राहुकाळ कधीच मानली नाही," शेषगिरीराव धोतर खोचत म्हणाले. "आणि सव्वीस वरषं हिकडचंच पाणी पिलीं आम्ही."

ते एकटेच गुडघाभर पाण्यात गेले. मंत्र नाहीत, काही नाही. मडकं रितं करताना ते तिच्याशी काहीतरी बोलत होते. लाटांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं.

बाहेर आले तेव्हा मी पुढं होऊन त्यांचा हात धरला. "शेषगिरीराव, आजच सगळे पार्ट बदलून घेतो. होस, बेल्ट, सगळं! तेराव्याला सामान, पाहुणे, जे काय असेल ते माझ्या गाडीतून..."

त्यांनी ओल्या हातानं माझा हात थोपटला.

"तुम्ही या, वसंतराव. शैलाबाईंसही आणा. आपण एकाच इमारतींत राहतों. चालत या."