बिमचे बिराजदार सर

बिराजदार सर वर्गातल्या पोरांना खांब करायचे. उंच पोरं चार कोपऱ्यांत उभी, त्यांच्या खांद्यांवर हात टाकून बाकीच्यांच्या तुळया, आणि एखादा किडकिडीत पोरगा सांडपाण्याचा पाइप होऊन मधून वाट काढणार. पाइप तुळईला धडकला की सर विचारायचे, "चूक बांधायच्या आधी कळली का नंतर?" सगळे एका सुरात "आधी" म्हणायचे. शेजारच्या वर्गात मी सर्वेक्षण शिकवायचो. भिंतीपलीकडून ते "आधी" मला तासातासाला ऐकू यायचं.

विषयाचं नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात बिम. इमारत बांधण्याआधी ती भिंतीतल्या वायरी-पाइपांसकट संगणकात उभी करायची. विद्यापीठानं तो अभ्यासक्रमात घातला, तेव्हा धाराशिवजवळच्या आमच्या कॉलेजात शिकवायला कुणी तयार होईना. प्राचार्य म्हणाले, बीम तर आपण पहिल्यापासून शिकवतोच की. सर मात्र उतारवयात पुण्याला गेले, लेकीच्या वयाच्या बाईंपुढं बसून शिकून आले आणि मग दुसरं काही बोलेनातच. एकदा लग्नाच्या पंगतीत छताकडं बघत मला म्हणाले, "पाण्याची लाइन अन् वायर एकाच जागी हाय इथं. लौकर जेवा."

प्रयोगशाळेतले संगणक सॉफ्टवेअर उघडलं की गोठायचे. नवे मागितले की संस्थेचं उत्तर ठरलेलं, तपासणी समिती यायच्या वेळी बघू. म्हणून तर पोरांचे खांब.

त्याच सुमाराला मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम निघालं. सरांनी वर्गाला हाताशी धरून स्वतःच्या लॅपटॉपवर त्याचं मॉडेल केलं. पहिल्या मजल्यावर न्हाणीघराचा पाइप सरळ तुळईत घुसत होता. सर प्राचार्यांकडं गेले, कंत्राटदाराकडं गेले. कंत्राटदार संस्थाचालकांचा मेहुणा. तो म्हणाला, सर, तुमचं घर कॉम्प्युटरात, आमचं जमिनीवर. पुढं पाइप खरंच तुळईला येऊन अडला, तेव्हा त्यानं मशीन लावून तुळईलाच भोक पाडलं. सर वर्गासह बघत उभे होते. एका मुलीनं विचारलं, "सर, आता?"

"आता प्लास्टर करतेत," सर म्हणाले.

तपासणी समिती आली तेव्हा सरांचं मॉडेल मोठ्या पडद्यावर फिरवून दाखवण्यात आलं. संस्थेची दूरदृष्टी म्हणून प्राचार्यांनी ते समजावून सांगितलं. सरांना जेवणाच्या व्यवस्थेवर नेमलं होतं. त्यांनी पाहुण्यांना भाकरी वाढल्या, आमटी वाढली आणि वाढता वाढता सगळ्यात वयस्कर सदस्याला हळूच सांगितलं, पहिल्या मजल्यावरची तुळई तेवढी बघून जा.

तो गृहस्थ खरंच जाऊन बघून आला. अहवालात त्यातलं काही आलं नाही. पण आठवड्याभरात तुळईखाली गुपचूप दोन लोखंडी टेकू लागले, आणि त्याच आठवड्यात सरांकडून बिम काढून घेतला. तो विषय आता पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतात. सरांना कॉलेजच्या बसगाड्यांचं वेळापत्रक दिलं. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे वाईट वाटल्यासारखं बोललो, आणि तासाची घंटा झाली तसे उठलो.

दिवाळीच्या सुट्टीत मी येडशीला त्यांच्या घरी गेलो. लेक परदेशात, बायको आदल्या वर्षी वारलेली. सर बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. पडद्यावर एक घर होतं. जरा वेळानं ओळखलं, मी बसलो होतो तेच.

"हे बांधून झालंय की, सर," मी म्हणालो.

"व्हय." त्यांनी स्वयंपाकघर जवळ आणलं. "ओटा जरा खाली घेतोय. हिला उंच पडायचा. जलमभर पाटावर उभी राहून भाकरी थापल्या. एकदाबी म्हणली न्हाय. अन् मी इंजिनिअर, मला दिसलं न्हाय."

सरांनी पडद्यावरचा ओटा आणखी खाली घेतला, मान तिरकी करून बघितला, पुन्हा किंचित वर केला. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं.

"आता तिची उंचीच नीट आठवंना झालीय," ते म्हणाले.