वाटणीत आलेला कर्कटराज

धाकट्या जावेच्या दारात चपलांचा एवढा ढीग पडला होता, की विजयमालाला तो आपल्या ओट्यावरून टाचा न उचलताही दिसला असता. तरी ती टाचा उचलूनच बघत होती.

महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस. पुरणाची जेवणं आटोपली होती आणि संध्याकाळचं हळदीकुंकू सुरू झालं होतं. कडा गावातली ही गल्ली आजवर आधी थोरल्या सुनेच्या महालक्ष्म्या बघायची, मग बाकीची घरं. यंदा बायका सरळ स्वप्नालीकडे शिरत होत्या. तेही विजयमालाने एक वेळ गिळलं असतं. पण त्या ढिगात बायकांच्या चपलांबरोबर पुरुषांचे बूटही होते.

"हळदीकुंकवाला गडीमाणसं कवापासून जायला लागली वो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला काय म्हाईत?" भारत म्हणाला. त्याचीही मान तिकडेच वळलेली होती.

विजयमालाच्या पोटात दुखायला सबळ कारण होतं. सासूबाईंचे, म्हणजे छबुबाईंचे, पितळी मुखवटे आजवर तिच्या घरी बसत. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मधे भिंत पडली, स्वप्नालीने आपल्यापुरते शाडूचे मुखवटे आणले. पण पितळी मुखवटे थोरलीकडेच राहिले. यंदा मात्र स्वप्नालीने ते पुढल्या सालासाठी मागितले. छबुबाई एक महिना इकडे आणि एक महिना तिकडे जेवणारी बाई. तिने कुणाचंच मन मोडलं नाही. "ज्या घरी चार माणसं येत्यात, तितं महालक्ष्मी रमती. मी बगते आन् ठरवते," एवढंच ती म्हणाली. आता ती चार माणसं सगळी पलीकडे होती, आणि त्यांच्यात खुद्द छबुबाईही होती.

आणि विजयमालाची आरास काय साधी होती? बीडहून आणलेला थर्माकोलचा महाल, त्याच्या पायरीशी विजेवर उडणारं कारंजं, गोल फिरणारी आगगाडी, पापणी मिटणारी बाहुली. वर टांगलेला फुलोरा तर असा की करंजीला नख लावलं तरी पापुद्रा सुटावा. हे सगळं बघायला या घडीला एक तिचा नवरा होता आणि दुसरी दारातली मांजर.

"जा, बगून या जरा काय मांडलंय ते," ती म्हणाली. "आन् लगीच या."

भारत इतक्या चटकन उठला की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. तो गेला तो गेलाच. शेवटी विजयमालाने ताटलीत चार करंज्या ठेवल्या, प्रसादाचं निमित्त केलं आणि स्वतः निघाली. थोरलीने आधी धाकटीच्या दारात जायचं म्हणजे काय, हे तिचं तिलाच ठाऊक.

आत गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. महालक्ष्म्यांपुढे काळ्या मातीचा डोंगर केला होता आणि त्यावर जुनी, रंग उडालेली प्लॅस्टिकची खेळणी मांडली होती. एकालाही पाय नव्हते, पायांच्या जागी चाकं होती. कुठल्याशा मोबाईलवर ढणाढणा गाणं वाजत होतं. आणि डोंगराच्या पायथ्याशी मांडी घालून सोसायटीचे चेअरमन, विजयमालाचे यजमान, पोक्त भारतराव बसले होते. त्यांच्या हातात खेकड्याच्या नांग्या असलेला एक जांभळा बाहुला होता.

"ह्यो माझा व्हता बे, तान्या!" ते धाकट्या भावाला सांगत होते. "मी कायम ह्योच घ्यायचो!"

"चक्रनगर के रखवाले!" शेजारच्या भागवत गुरुजींनी विजयमालाला समजावलं. गुरुजींचे डोळे पाणावले होते. "दर रविवारी सकाळी लागायचं, वैनी. ह्या खेळण्यांवरच काढलेलं कार्टून. अख्खं गाव टीव्हीफुडं बसायचं. सपनानं सकाळी व्हिडिओ टाकला आन् आमाला ऱ्हावलंच न्हाई!"

अख्खं गाव बसायचं म्हणे! विजयमालाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिचं माहेर चकलांब्याचं. तिथेही रविवारी सरपंचांच्या ओसरीवर अख्खं गाव बसायचं, फक्त ती सोडून. शाळेला सुट्टी म्हणून आई नेमकं तेव्हाच तिला धुणं देऊन ओढ्यावर पाठवायची. लांबून गाणं तेवढं ऐकू यायचं. ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन धावत यावं, तर पडद्यावर बाई बातम्या सांगत असायची. चक्रनगर कुठे आहे आणि त्याची राखण कुणापासून करायची आहे, हे तिला आजतागायत कळलं नव्हतं. ते तिला फार लागलेलं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

"ही खेळणी आली कुठून?" तिने विचारलं.

"आपल्याच ट्रंकातली की!" तानाजी म्हणाला. "मामा मुंबईला खेळण्यांच्या कारखान्यात व्हता, दिवाळीला आणायचा. वाटणीच्या टायमाला तुमीच म्हनला न्हाई का, ह्यो ट्रंक घेऊन जा, उंदरं व्हत्यात म्हणून?"

म्हणाली होती खरी. पण खरं बोललेलं आठवलं की माणसाला जास्त राग येतो.

"ट्रंक दिला व्हता. आतला माल न्हाई," विजयमाला म्हणाली. "भावाभावांचा हाय, अर्धा आमचा. आत्याबाई, तुमीच सांगा!"

हळदीकुंकवाला आलेल्या बायका सरसावून बसल्या. आरास काय, दर वर्षी बघायला मिळते. छबुबाईने कपाळाला हात लावला. "सणासुदीचं कावून भांडता गं? घ्या वाटून आन् मोकळ्या व्हा!"

स्वप्नाली भांडलीच नाही. "ताई, तुमी थोरल्या," ती गोड हसून म्हणाली. "पयलं तुमी निवडा. तुमाला पायजे ते घ्या, ऱ्हायलेलं माझं."

विजयमालाने डोंगरावर नजर फिरवली. एक म्हातारं कासव होतं, एक कान तुटलेला घोडा, फाटक्या टोपीचा एक पोऱ्या, हातात नुसती काठी घेतलेली एक साधी पोरगी. हे कोण घेतं? तिने आधी भारतच्या हातातला जांभळा बाहुला ओढला. डोक्यावर सोनेरी मुकुट, पाठीवर झगा, डोळ्यांच्या जागी लाल दिवे. हाच इथला राजा असणार. मग शिंगवाला उचलला, चमचमत्या खवल्यांचा उचलला, तीन तोंडांचा उचलला. जे जे भारी दिसलं ते ते घेतलं.

पुरुषमंडळी श्वास रोखून बघत होती. भारत डोळ्यांनी खुणा करत होता, कासवाकडे बोट दाखवत होता.

"हावरटपना करू नका वो," ती त्याला म्हणाली. "त्यांनाबी काही ऱ्हाऊ द्या." आणि पदरात वाटणी बांधून ती घरी आली.

कर्कटराज नावाचा तो जांभळा राजा तिने दोन्ही महालक्ष्म्यांच्या बरोबर मध्ये उभा केला. हळदीकुंकू लावलं, मुकुटावर गजऱ्याचा तुकडा ठेवला. बाकीचे दोन्ही बाजूंना चोपदारासारखे. ती मागे सरून बघते तो काय, दारात चपला पडायला लागल्या! भागवत गुरुजी आले, त्यांच्यामागे सगळे बूटवाले आले, काय चाललंय म्हणून बायका आल्या. हां हां म्हणता घर भरलं. जो तो मोबाईल वर करून फोटो काढत होता, एकमेकांना कोपरं मारत होता. विजयमाला कुंकवाचा करंडा घेऊन फिरत होती आणि भिंतीपलीकडची शांतता कान देऊन ऐकत होती. अशी गोड शांतता तिने बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

"वैनी, एक सांगू का?" गुरुजी हसू दाबत म्हणाले. "ह्यो राजाबिजा न्हाई. चोर हाय. ह्यानं अख्ख्या चक्रनगरचं धान्य पळवलं. आन् हे बाकीचे समदे ह्याच्याच टोळीतले. ती काठीवाली पोरगी हाय ना, ती राणी!"

हळदीकुंकवाला आलेली कडूबाई म्हणाली, "अगं बया! महालक्ष्मीफुडं धान्यचोर? आन् मी आत्ताच पाया पडले की त्याच्या!"

तेवढ्यात छबुबाई उंबऱ्यात आली. तिने कर्कटराजाच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, पितळी मुखवट्यांकडे पाहिलं, आणि थोरल्या सुनेकडे पाहिलं. विजयमालाच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती चकलांब्याची लेक, इतक्यात हार जाणारी नव्हती.

"मला म्हाईत हाय चोर हाय ते," ती ठासून म्हणाली. "म्हणून तर आणलाय! केलेल्या पापाची माफी मागायला आलाय तो. ह्यो बगा, लोटांगण घालतोय!" आणि तिने कर्कटराजाला महालक्ष्म्यांपुढे पालथा घातला.

कर्कटराजाच्या पोटावर कळ होती, हे तिला कुणी सांगायला हवं होतं. तानाजीने सकाळीच नवे सेल घातले होते, हेही सांगायला हवं होतं. लोटांगण घालताच कळ दाबली गेली, लाल डोळे पेटले, आणि देवीच्या पायाशी पडल्या पडल्या तो गडगडाटी हसला: "हा हा हा! सब कुछ मेरा है!"

"बंद करा वो त्याला!" विजयमाला ओरडली.

"पालथा हाय म्हणून चालतंय ते," कडूबाई म्हणाली आणि तिने मदत म्हणून त्याला उचलून उभा केला. कळ अडकलीच होती. हवेत गरगरणारी चाकं फरशीला टेकली आणि कर्कटराज सुटला. तो आगगाडीला आडवा गेला, बाहुलीला पाडून थेट थर्माकोलच्या महालात घुसला. महाल पुढे कलला आणि कारंज्यावर पडला. कारंजं उलटलं, त्याचं पाणी दिव्यांच्या माळेवर गेलं आणि घरातली लाईट गेली. महालक्ष्म्या तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत, ही देवीचीच कृपा. समईच्या उजेडात सगळे स्तब्ध उभे होते आणि पडलेल्या महालाखालून आवाज येत होता: "सब कुछ मेरा है! सब कुछ मेरा है!"

कुणीतरी आधी फुसकन हसलं. मग कुणीच थांबलं नाही.

"पुढल्या साली मुखवटे धाकटीकडं बसवा," छबुबाई म्हणाली आणि निघून गेली.

त्या रात्री विजयमाला जेवली नाही. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या हलवल्या, दहीभाताचा नैवेद्य झाला, तरी तिच्या अंगाचा दाह कमी होईना. मुखवटे पुसताना तिला रडू आलं. तेही मेलं पितळेवर पडून डाग पडेल म्हणून तिने आवरलं. दुपारी भारतचा पत्ता नव्हता, आणि तो कुठे असणार हे तिला भिंतीतून ऐकू येत होतं. तिने कर्कटराज आणि त्याची टोळी टोपल्यात भरली आणि तरातरा पलीकडे गेली.

"हे घे बाई, तुजी भुतं तुलाच लखलाभ."

तानाजीने मोबाईल टीव्हीला जोडला होता. भारत, स्वप्नाली, भागवत गुरुजी, आणि कॉटवर छबुबाईसुद्धा, सगळे पडद्याकडे तोंड करून बसले होते.

"बसा की ताई," स्वप्नाली सरकत म्हणाली. "धान्यचोरीचाच भाग लागलाय."

"मला कामं हायती," विजयमाला म्हणाली, आणि टोपलं खाली ठेवायचं विसरून दाराला टेकून उभी राहिली.

पडद्यावर चक्रनगरात सुगीचा सण होता. राणीच्या महालाकडे सगळं नगर लोटलं होतं: कासव, घोडा, झाडून सगळे. पलीकडच्या डोंगरात कर्कटराजाचीही गुहा होती. त्यानेही दिवे लावले होते, माळा सोडल्या होत्या, खाण्याची ताटं भरून ठेवली होती. तो दारात उभा राहून वाट बघत होता. रस्त्यावरून एकेक जण जात होता आणि राणीकडे वळत होता. ताटं तशीच राहिली. शेवटी कर्कटराजाने एकेक दिवा विझवला, झगा झटकला आणि तो राणीच्या कोठाराकडे निघाला.

विजयमाला कधी खाली बसली, तिचं तिलाही कळलं नाही. टोपलं तिच्या मांडीवर होतं.

"आता पळवतोय बगा धान्य, हलकट!" भागवत गुरुजी म्हणाले.

"मंग?" विजयमाला उसळली. "पळवंल न्हाई तर काय करंल? एवढं मांडून बसला बिचारा, एक कुत्रं फिरकलं न्हाई त्याच्याकडं! काय चुकलं त्याचं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तीस-पस्तीस वर्षांत कर्कटराजाची बाजू कुणी घेतल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

छबुबाईने थोरल्या सुनेला बराच वेळ न्याहाळलं. मग ती धाकटीला म्हणाली, "सपने, मुखवटे तिच्याकडंच ऱ्हाऊ दे गं बाई. न्हाईतर पुढल्या साली ही आपल्या धान्याच्या कणग्या रिकाम्या करंल."

"ऱ्हाऊ द्या की," स्वप्नाली हसत म्हणाली. "ऐकलं का ताई? मुखवटे तुमच्याकडंच!"

विजयमालाने हात झटकला. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

"गप बसा वो जरा," ती म्हणाली. "राणीची माणसं आली बगा मागनं. आता ह्यो सुटतोय कसा काय!"